हाताशी दोन दिवस

जहाज शुक्रवारी चारला सुटणार.
दीडला दार बंद. त्यानंतर आलेल्याला
धक्क्यावरून हात हलवायची मुभा असते, एवढंच.
म्हणून आपण बुधवारी रात्रीच निघायचं,
असं मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

बोद्धूल कट्ट्यावरून हसला :
"काय ओ रेवणसिद्धअण्णा,
जहाजात बसायला चाललाव का जहाज बांधायला?"
हसू दे. त्याच्या मागावर धागा तुटला
तर गाठ मारता येते.
सुटलेल्या जहाजाला गाठ कुठं मारायची?

एकतीस वर्षं मी सोलापूर स्टेशनात
काचेच्या खोलीत बसून उशीर वाचला.
चाळीस मिनिटं. दोन तास दहा मिनिटं. अनिश्चित काळ.
गळा बसला की मिठाच्या गुळण्या, आणि पुन्हा.
उशिराच्या सगळ्या जाती मला तोंडपाठ :
कुर्डुवाडीला इंजिन रुसतं,
भिगवणजवळ म्हैस,
दौंडला उगाचच,
आणि घाटात दरड.
"जानेवारीत कशी पडंल दरड?" कस्तुरा विचारते.
दरडीला कॅलेंडर कोण वाचून दाखवतं?

बुधवारची गाडी रद्द झाली तर गुरुवारी पहाटेची.
तीही नाही तर पुणे नाक्यावरून बस.
बस बंद पडली तर टेंभुर्णीला साडूचा मुलगा,
त्याची जीप (बॅटरी बघून ठेव, सांगितलंय दोनदा).
बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.
तिकिटाच्या तीन झेरॉक्स :
एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या बंडीच्या खिशात,
एक बोद्धूलकडं, हसत असला तरी.
धक्क्याजवळच्या लॉजचा नंबर.
फोनवरचा माणूस जांभया देत होता,
म्हणून शेजारच्या लॉजचाही.

सुवर्णा पुण्याहून ओरडते,
"बाबा, सुट्टीला पाठवतेय मी तुम्हाला, ड्युटीवर नाही!"

कस्तुरा काही म्हणत नाही.
तिचा हिशेब वेगळा : पाण्याची पाळी शुक्रवारी येते,
तेव्हा आपण समुद्रात. टाकी कोण भरणार?
चावी बोद्धूलच्या सुनेकडं,
दोन पिंपं आजच काठोकाठ, वर ताटं झाकून.
कडक भाकऱ्या थापते आहे, महिनाभर टिकणाऱ्या.
शेंगाचटणी वेगळ्या डब्यात.

एक गोष्ट वहीत नाही.
सुवर्णा सात महिन्यांची होती.
गुलबर्ग्याहून तार आली, तिच्या आईची.
फलाट दोनवर कस्तुरा, काखेत पोर,
आणि मी वर, काचेमागं, बदली मिळाली नाही म्हणून.
गाडी एक तास उशिरा. मग तीन. मग पाच.
दर वेळी मीच सांगितलं.
दर वेळी तिनं मान वर करून भोंग्याकडं पाहिलं,
काचेकडं नाही.
गैरसोयीबद्दल खेद आहे, हे वाक्य लिहिलेलंच असायचं,
ते मी वाचलं.
ती पोचली तेव्हा मातीवर पाणी शिंपून झालं होतं.
परत आल्यावर तिनं विचारलं, जेवलाव का?

आज रात्री तिनं वही मागितली.
पिठाचं बोट एकेका ओळीवरून नेत सगळी वाचली,
जीपपर्यंत, जांभयांपर्यंत.
"समदं लिवलंय," म्हणाली.
"आन् जहाजालाच उशीर झाला तर?"

त्याला रकाना नव्हता.
मी पेनाचं टोपण काढलं, 
परत लावलं.

"तर बसू की," ती म्हणाली.
"तितं भोंग्यावर दुसरा कोणतरी असंल.
तुमी बाकावर."

आणि परातीत पीठ ओढलं,
अजून दोन भाकरीचं.